तुरुतुरूचे पाय

अजूनही कुठे पिठाची खळ शिजत असली, एखाद्या शाळेत मुलांना कागद चिकटवायला म्हणून कुणी भांडं चढवलेलं असलं, तरी तिची पावलं आपोआप थांबतात. नाक वर करून ती तो वास आत ओढते आणि बरोबरच्या माणसाला सांगते, "खाली लागली बघ. ढवळायचा कंटाळा, दुसरं काय!" मग तिचे डोळे बारीक होतात आणि बरोबरच्या माणसाने ओळखावं, की आता इथून लवकर सुटका नाही. कारण त्या वासामागोमाग चढावरचा जोड्यांचा कारखाना येतो, आणि तो आला की तिला आवरणं कुणाच्या बापाच्या हातात राहत नाही.

कारखाना आपला म्हणायला. चढाच्या रस्त्याच्या वरच्या टोकाला एक लांबट खोली होती, रस्त्याकडे दोन मोठ्या खिडक्या, मागे फरशीचं अंगण. भिंतीला लाकडी पायांच्या साच्यांच्या रांगा लटकलेल्या. मालक नावालाच मालक. तो स्वतः कोपऱ्यात पाट मांडून जोड्यांच्या टाचा घासत बसायचा आणि त्याचा चष्मा कायम चामड्याच्या भुशाने माखलेला असायचा. शिलाईच्या मशीनवर फिरकी. तिला फिरकी म्हणायचे कारण येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची ती फिरकी घ्यायची, आणि गिऱ्हाईक समोर असलं तरी सोडायची नाही. बाकी दोन-चार माणसं येत-जात. पण खोली खरी चालायची ती फिरकीच्या तोंडावर आणि तुरुतुरूच्या पायांवर.

तुरुतुरू म्हणजे हीच. खरं नाव फक्त आईला आणि नवऱ्याला ठाऊक, आणि नवराही ते भांडतानाच वापरायचा. लहानपणापासून ती कधी चालली म्हणून नाही. तुरुतुरू जायची. चामडं आणायला तुरुतुरू, साचा बदलायला तुरुतुरू, तयार जोडा गिऱ्हाइकाच्या पायात घालायला तुरुतुरू. नवरा पोस्टमन. दिवसभर चालण्यावरच पोट, तेव्हा सुट्टीच्या दिवशी तो पाय मोजून टाकायचा. दोघं फिरायला निघाली की ती पुढच्या कोपऱ्यापर्यंत जायची, परत यायची, पुन्हा जायची. "अहो, टपाल असंच वाटता का?" ती विचारायची. "लोकांची लग्नाची पत्रं बारशाला पोचत असतील." तो म्हणायचा, "अगं, तू आहेस ना पुढे. तूच सांगून ये सगळ्यांना."

खळ शिजवण्याचं काम तिचं. सकाळी आल्या आल्या अंगणातल्या चुलीवर ती पातेलं चढवायची आणि एका हाताने ढवळत दुसऱ्या हाताने मालकाच्या मांजरीला हाकलायची, कारण मांजरीला खळ फार आवडायची. अस्तर खळीने चिकटवायचं, तळ जाड दोऱ्याने शिवायचा, टाच खिळ्यांनी ठोकायची, अशी त्या वेळची रीत होती. खळ वाळायला वेळ घ्यायची. जोडा साच्यावर चढवून ठेवला की दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला हात लावायचा नाही. त्यामुळे कामात मोकळ्या जागा फार होत्या आणि त्या सगळ्या बोलण्याने भरायच्या. खिडक्या उघड्या. रस्त्याने जाणारा माणूस खिडकीत कोपर टेकून उभा राहायचा, दोन गोष्टी सांगायचा, चार ऐकायचा आणि आपण कशाला निघालो होतो ते विसरून जायचा.

मग सोल्युशन आलं. एक गोडबोल्या विक्रेता पत्र्याचा डबा घेऊन आला, रबराच्या दोन तळव्यांना त्याने ते पिवळट, चकचकीत सोल्युशन फासलं, जरा वाळू दिलं, एकावर एक दाबलं आणि मालकाच्या हातात देऊन म्हणाला, "ओढा." मालकाने ओढलं. फिरकीने ओढलं. शेवटी दोघांनी दोन टोकं धरून जोर लावला आणि हात निसटून दोघंही दोन बाजूंना बुडावर आपटली. तळवे चिकटलेलेच. खोलीभर हशा झाला, आणि त्या हशातच मालकाने डबे मागवले.

आता तळ शिवायला नको, थांबायला नको. सकाळी हातात घेतलेला जोडा संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या पायात. चिकटवण्याचं काम अर्थातच तुरुतुरूकडे आलं. ब्रश तिला आवडेना, ब्रशने कडा सुटतात म्हणायची. ती बोटानेच फासायची, बोट कडेवरून एकदा फिरलं की काम फत्ते. बोटं चिकट झाली की त्याच कंपनीच्या दुसऱ्या डब्यातल्या पातळ पाण्यासारख्या द्रवात बुडवायची, की स्वच्छ.

भानगड एकच होती. त्या सोल्युशनला धूळ चालायची नाही. ओल्या थरावर रस्त्याची धूळ बसली की जोड पक्का होईना, आणि महिन्याभरात बूट तोंड वासून परत. असे काही बूट परत आल्यावर मालक स्वतः उठला आणि त्याने दोन्ही खिडक्या लावून घेतल्या. "आजपासून ह्या उघडायच्या नाहीत," तो म्हणाला. थंडीचे दिवस होते, कुणाला काही वाटलं नाही. उलट बरंच वाटलं.

आणि खरं सांगायचं तर तो हिवाळा तिच्या आयुष्यातला सगळ्यांत मजेचा. हे ती आजही कबूल करते, आणि कबूल करताना तिला रागही येतो. बंद खोलीत सोल्युशनचा गोडसर वास भरून राहायचा. सुरुवातीला नाकात चढायचा, मग कळेनासा व्हायचा. दुपार झाली की सगळ्यांचं डोकं हलकं व्हायचं आणि कशावरही हसू यायचं. मालकाचा चष्मा घसरला, हसू. मांजर शिंकली, हसू. एकदा फिरकीने उजव्या पायाचे दोन बूट शिवून ठेवले आणि मालक रागवायला म्हणून उठला, तो बूट हातात धरून इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं. ज्या माणसाला हसताना आजवर कुणी पाहिलं नव्हतं, तो भिंतीला धरून हसत होता. घरी गेल्यावर मात्र तिचं डोकं दुखायचं, सुट्टीच्या दिवशी तर फारच. सोमवारी कामावर आली की थांबायचं. "बघा, मला घर मानवत नाही," ती नवऱ्याला चिडवायची.

पायांचं सुरू झालं ते असंच नकळत. आधी बोटं गार पडल्यासारखी वाटू लागली. थंडी आहे, पडणारच. तिने मोज्यांवर मोजे चढवले. मग गारठा घोट्यापर्यंत आला, आणि तिने काय करावं? खिडकीच्या फटीत कापडाच्या चिंध्या कोंबल्या. वारं येतंय म्हणून पाय गारठतात, असा साधा हिशोब. तिच्या जागी कुणीही तेच केलं असतं. रोज पाय जास्त बधिर, रोज एक फट कमी. चिंध्या कोंबताना ती फिरकीला म्हणाली, "तुझ्या बाजूचीही बुजवून टाकते, नाहीतर तुझं मशीन थंडीने काकडेल." फिरकीने हसत हसत आपल्या हाताने चिंधी पुढे केली.

हिवाळा संपला, ऊन तापायला लागलं, तरी तिचे पाय गारच. आता ती तुरुतुरू जात नव्हती. चालताना पुढचं पाऊल नीट उचललं जायचं नाही, फरशीवर फट्‌ फट्‌ आपटायचं. "बदकीण आली," फिरकी म्हणायची आणि दोघी हसायच्या. फिरायला गेल्यावर नवऱ्याच्या लक्षात आलं की बायको आपल्या पुढे नाही, बरोबर आहे. त्याला आधी बरं वाटलं. मग एका फेरीत ती मागे राहिली, आणि ते त्याला अजिबात बरं वाटलं नाही.

एका संध्याकाळी ती घरी येऊन पलंगावर बसली आणि नवऱ्याने तिचे बूट काढायला घेतले, कारण नाडीची गाठ हल्ली तिच्या बोटांना सुटेना. डाव्या बुटातून मोजा निघेना. त्याने ओढला, तेव्हा हाताला ओलं लागलं. बुटाच्या आत टाचेचा एक खिळा वर आलेला होता आणि तो तिच्या तळपायात रुतून बसला होता. मोजा रक्ताने भिजून चामड्याला चिकटला होता. दिवसभर ती त्या खिळ्यावर चालली होती.

"दुखलं नाही?" त्याने विचारलं. 

"काय दुखायचं?" ती म्हणाली, आणि खाली वाकून पाहिलं. पाहिलं आणि मग तिला भीती वाटली. दुखत नाही म्हणून माणसाला एवढी भीती वाटू शकते हे तिला त्या दिवशी कळलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. जखम धुऊन, बांधून त्यांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या आणि आराम करा म्हणाल्या. गोळ्या संपल्या, फरक शून्य. दुसऱ्या खेपेला त्यांनी तिला डोळे मिटायला लावले आणि पायाच्या बोटांना सुई टोचत विचारत गेल्या, "कळतंय?" नाही. "आता?" नाही. जवळजवळ गुडघ्याशी आल्यावर ती ओरडली. डॉक्टरीणबाईंनी सुई खाली ठेवली. "मागच्या वेळी मी हे विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही दिवसभर करता काय?"

तिने सगळं सांगितलं. अगदी खुशीत सांगितलं, हातवारे करून, बोटाने कड कशी फासायची ते टेबलाच्या कडेवर दाखवून. खिडक्यांचं सांगितलं, हसण्याचंही सांगितलं. डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरत गेला तसं तिचं बोलणं हळू झालं.

"ते सोल्युशन वाळतं म्हणजे काय होतं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यातला पातळ भाग उडून हवेत जातो. खिडक्या बंद, म्हणजे तो जाणार कुठे? तुमच्या नाकात. तिथून फुफ्फुसात, फुफ्फुसातून रक्तात. बोटांच्या कातडीतूनही आत जातो. ते विष नसा पोखरतं. पायाच्या बोटांना जाणाऱ्या नसा अंगात सगळ्यांत लांब, म्हणून टोकाला आधी अंधार. मग हात. ते डोकं हलकं होणं, हसू येणं, तेही त्याचंच."

तिने बाकी सगळं मुकाट ऐकलं, पण शेवटचं वाक्य तिला झोंबलं. "हसू नाही हो," ती म्हणाली. "हसू आमचं होतं."

नवरा शेजारीच बसला होता. त्याने विचारलं, "पाय परत येतील?"

"बहुतेक येतील. काम आजच सुटलं तर. पण एक आत्ताच सांगून ठेवते. काम सोडल्यावरही आधी काही महिने वाढतच जाईल. तेव्हा मला हव्या तेवढ्या शिव्या द्या, पण परत त्या खोलीत जाऊ नका."

झालंही तसंच. ती घरी बसली आणि पाय आणखी बिघडले. भिंत धरल्याशिवाय उभं राहता येईना. हातात काठी आली. डॉक्टरीणबाईंना तिने शिव्या दिल्याच, पोटभर दिल्या. नवरा टपाल वाटून आला की तिचे पाय मांडीवर घेऊन चोळत बसायचा आणि रोज विचारायचा, "कळतंय?" ती खोटंच हो म्हणायची. त्याला ते कळायचं, पण तोही तसं दाखवायचा नाही. दुपारी मात्र घर खायला उठायचं. कारखान्यात आत्ता काय चाललं असेल, फिरकी कुणाची उडवत असेल, याच्या विचाराने तिचा जीव तीळतीळ तुटायचा. शेवटी तिने मनाशी ठरवलं. घरात बसून पाय जाणारच असतील तर माणसांत तरी जाऊ देत. एका दुपारी तिने काठी घेतली आणि निघाली.

तो चढ ती पूर्वी एका दमात चढायची. त्या दिवशी प्रत्येक घराच्या पायरीवर बसत बसत वर गेली. कारखान्याच्या खिडक्या बंद होत्या. काच धुळीने मळलेली. तिने बाहीने पुसून आत पाहिलं. सगळी जागच्या जागी होती. मालक कोपऱ्यात, फिरकी मशीनवर, आणि सगळे हसत होते. दाराच्या फटीतून तो गोडसर वास आला आणि तिला इतकं भरून आलं, की तिने दाराच्या कडीला हात घातला. आत जायचं, आपल्या स्टुलावर बसायचं, दुपार झाली की सगळ्यांबरोबर हलकं व्हायचं. तिला दुसरं काही नको होतं.

कडी ओढता ओढता तिची नजर फिरकीवर गेली. फिरकी सुईत दोरा ओवत होती. ही बाई न बघता, बोलता बोलता, गिऱ्हाइकाकडे तोंड करून सुई ओवायची. आता ती सुई डोळ्यांपुढे धरून बसली होती. दोरा एकदा चुकला, पुन्हा चुकला, पुन्हा. बोटांतून सुई खाली पडली. वाकून शोधताना ती हसली, आणि सगळे तिच्याबरोबर हसले.

तुरुतुरूने कडी सोडली. काठी उलटी धरली आणि मुठीच्या बाजूने खिडकीच्या लाकडावर हाणली. आपणच कोंबलेल्या चिंध्यांनी तिला फार छळलं, पण तिसऱ्या-चौथ्या तडाख्याला खिडकी धाडकन आत उघडली आणि रस्त्याची धूळ घेऊन वारं आत घुसलं.

"अगं ए, धूळ! धूळ बसेल!" मालक ओरडला.

"बसू दे!" ती त्याच्याहून मोठ्याने ओरडली. "तुमच्या चार बुटांनी तोंड उघडलं तर उघडू दे! त्या पोरीची बोटं बघा. माझे पाय गेलेत, मालक. खिळ्यावर चालत होते मी दिवसभर, आणि मला पत्ता नव्हता."

ती खिडकीच्या चौकटीत कशीबशी चढून बसली, एक पाय आत, एक बाहेर, आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं. सांगताना रडली, फिरकीला शिव्या घातल्या, आपल्यालाही घातल्या. "तुझ्या बाजूची फट मी बुजवली गं, माझ्या हाताने," ती म्हणाली. फिरकी उठून खिडकीशी आली.  तिने आपली बोटं तुरुतुरूच्या हातात दिली.

मालक खिडकी लावायला म्हणून उठला होता, तो पाटाशीच उभा राहिला. त्याने चष्मा काढला. "माझेही पाय झोपतात," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, वय झालं."

दुसऱ्या दिवशी त्याने दोन्ही खिडक्यांची दारंच बिजागऱ्यांतून काढून ठेवली. सोल्युशनचे डबे मागच्या अंगणात गेले, वर पत्रा, चारी बाजू मोकळ्या, आणि हाताऐवजी लांब दांड्याचा ब्रश. धूळ बसायची, बूट परत यायचे, मालक कुरकुरायचा आणि पुन्हा दुरुस्त करून द्यायचा. बरेचसे तळ पूर्वीसारखे शिवले जायला लागले, अस्तर पुन्हा खळीवर आलं. खळीसाठी अर्थात तुरुतुरूला बोलावणं आलं. ती सकाळी यायची, सोल्युशनचा डबा उघडायच्या आत चुलीशी बसून ढवळायची, मांजरीला हाकलायची आणि चूल विझवून घरी जायची. मशीनवर फिरकीची बोटं हळूहळू ताळ्यावर येत होती. खोलीतलं ते हसू मात्र गेलं. सगळे हसायचे, नाही असं नाही, पण विनोद झाल्यावर. तिला ते जुनं हसू आठवायचं. विषाचं का असेना, ते दिवस परत हवेत असं वाटायचं. असं वाटू नये हे कळत असूनही वाटायचं.

पायांनी मात्र वाट पाहायला लावली. काठी सुटायलाच दुसरा हिवाळा उजाडला. पावलं उचलली जायला लागली, पण तळवे मुके ते मुकेच. कापसावर चालल्यासारखं. डॉक्टरीणबाई सुई टोचायच्या, तिला कुठेतरी लांब काहीतरी झाल्यासारखं वाटायचं, आणि ते खरं की मनाचे खेळ, हे तिला सांगता यायचं नाही.

मग एका सकाळी मालकाने तिच्यापुढे बुटांचा नवा जोड ठेवला. चामडं त्याने निवडलेलं, शिलाई फिरकीची, खळ तिची तिनेच शिजवलेली. "घालून बघ," तो म्हणाला. तिने घातले. नवरा तिला न्यायला आला होता, तो दाराशी उभा. दोघं उताराने निघाली. चार घरं गेली असतील, तेवढ्यात ती थांबली.

"काय झालं?" त्याने घाबरून विचारलं.

ती खाली बघत होती. पुढे एक पाऊल टाकलं, पुन्हा थांबली. "चावतोय," ती म्हणाली.

"काय?"

"बूट चावतोय! अहो, डाव्या करंगळीला चावतोय!" आणि ती जी हसायला लागली, ती रस्त्याच्या मधोमध, भिंत नाही, काठी नाही, नवऱ्याच्या खांद्याला धरून. वरच्या उघड्या खिडकीतून फिरकीने डोकं बाहेर काढलं.

"काय गं, हसतेस काय अशी? डबा तर अजून उघडलाही नाही!"

"तुझा बूट चावतोय, मेले! शिवता येत नाही तुला!"

"मग काढ ना!"

"काढते कशाला!" ती म्हणाली आणि नवऱ्याला मागे टाकून लंगडत, तुरुतुरू, उतार उतरायला लागली. तो मागून "अगं, थांब" म्हणत राहिला, आणि त्याला काय थांबवायची घाई होती देव जाणे, कारण त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याला पुढचं नीट दिसतही नव्हतं.

घरी पोचल्यावर तिने बूट काढला. करंगळीवर हा एवढा फोड आला होता. तिने तो नवऱ्याला दाखवला, शेजारणीला दाखवला, दवाखान्यात जाऊन डॉक्टरीणबाईंना दाखवला, आणि त्या मलम लावायला लागल्या तर पाय मागे घेतला. ठणकत होता तितके दिवस ती खुशीत होती. पुढे तो सुकला, खपली पडली आणि ठणका थांबला, तेव्हा तिला जरा वाईटच वाटलं.